किडनीचा रिपोर्ट आला आणि शुगरची गोळी निम्मी का केली?

प्रश्न : सासूबाई ७० वर्षांच्या, शुगर आणि बीपी दोन्ही आहे. क्रिएटिनिन १.३ आलं म्हणून मिरजेच्या डॉक्टरांनी मेटफॉर्मिन दिवसाला २००० वरून १००० मिलिग्रॅमवर आणलं. शेजारच्या पंचविशीतल्या मुलाचं पण १.३च आलंय, त्याला कोण काय बोललं नाही. मग आमच्याच गोळ्या का कमी केल्या? गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली गोळी पण चालू आहे.
– एक वाचक, पलूस

उत्तर : ताई, डॉक्टरांनी बरोबर केलंय, मनानं गोळी परत वाढवू नका. गोळी आतड्यातून रक्तात जाते, ते रक्त आधी लिव्हरकडे जातं आणि बऱ्याच औषधांची मोडतोड तिथंच होते (छातीत दुखलं की देतात ती सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवायला सांगतात ते म्हणूनच, गिळली तर बरीचशी लिव्हरमध्येच संपते). मेटफॉर्मिनचं तसं नाही. लिव्हर तिला हात लावत नाही, ती जशीच्या तशी लघवीवाटे बाहेर पडते, म्हणजे सगळा भार एकट्या किडनीवर, आणि किडनी मंदावली की सकाळचा डोस पुरता बाहेर पडायच्या आत रात्रीचा येऊन पडतो आणि औषध रक्तात साठत जातं. फार साठलं तर लॅक्टिक ॲसिड वाढतं, क्वचितच होतं पण झालं तर जिवावर बेततं.

आता ते १.३. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंमधून तयार होणारा कचरा, किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते, ती थकली की रक्तातला आकडा वाढतो. म्हाताऱ्या बाईच्या अंगात स्नायूच कमी, त्यामुळं तिचा आकडा मुळात कमी यायला पाहिजे, तरी १.३ आला म्हणजे किडनी बरीच थकलीय. या आकड्यावरून वय आणि स्त्री-पुरुष धरून ईजीएफआर काढतात (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज, जितका कमी तितकी किडनी मंद), तो सासूबाईंचा साधारण ४४ येतो आणि त्या मुलाचा ७८ च्या आसपास. ४५ च्या खाली गेलं की मेटफॉर्मिन साधारण निम्मी करतात, ३० च्या खाली बंदच. रिपोर्टवर ईजीएफआर छापलेला नसेल तर लॅबवाल्यांना मागून घ्या, तुमचा हक्क आहे तो.

मला खरी काळजी गुडघ्याच्या गोळीची वाटते. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यातली असेल तर ती किडनीकडं जाणारा रक्तपुरवठाच कमी करते, त्यात बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी किंवा लघवीची गोळी चालू असेल तर अजूनच वाईट. आजच स्ट्रिप हातात घेऊन नाव वाचा, फोटो काढून डॉक्टरांना पाठवा आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत देऊ नका. उलट्या-जुलाब लागले, खाणंपिणं सुटलं तर मेटफॉर्मिन पण थांबवायची का ते त्याच दिवशी फोन करून विचारा.