तुकडा ‘साधी सूज’ म्हणतो, मग क्षयरोग कसा?

प्रश्न : माझ्या ३८ वर्षांच्या धाकट्या भावाला चार महिन्यांपासून उलट्या होतात. सकाळी खाल्लेला भात संध्याकाळी जसाच्या तसा पडतो. वजन नऊ किलोंनी घटले आहे. एंडोस्कोपीत जठराच्या खालच्या तोंडाशी व्रण दिसला, तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याच्या (बायोप्सीच्या) अहवालात मात्र ‘जुनाट सूज’ एवढेच आले. आता नवे डॉक्टर क्षयरोगाची शंका घेतात. छातीचा एक्स-रे स्वच्छ असताना हे शक्य आहे का? ऑपरेशन लागेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : शक्य आहे, पण विरळा. पोटाचा क्षयरोग बहुधा लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते तिथे होतो. जठरातले आम्ल आणि हे जंतू ज्यांत रुजतात त्या लसिका ऊतींची तिथली कमतरता यांमुळे जठर सहसा वाचते. एक्स-रे स्वच्छ असल्याने पोटातला क्षयरोग नाकारता येत नाही.

खरी अडचण तुकड्याची आहे. क्षयरोगाच्या गाठी अस्तराच्या खालच्या थरात असतात आणि एंडोस्कोपीचा चिमटा बहुतेक वेळा वरचे अस्तरच खुडून आणतो, त्यामुळे ‘जुनाट सूज’ या अहवालाने क्षयरोगही नाकारला जात नाही आणि कर्करोगही. म्हणून एंडोस्कोपी पुन्हा करून, व्रणाच्या कडेवर एकाच जागी पुन्हापुन्हा चिमटा लावून खोल तुकडे घ्यावेत. त्यांतले काही फॉर्मलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या, पण जंतू मारणाऱ्या द्रावात) न घालता सलाइनमध्ये सीबीनॅट (क्षयजंतूंचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी) पाठवावेत. सगळेच फॉर्मलिनमध्ये गेले तर कल्चर होतच नाही, आणि ही चूक वाटते त्यापेक्षा अधिक वेळा घडते. सोबत पोटाचा सीटी स्कॅन, एचआयव्ही आणि साखर तपासावी. रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षयरोग सांगणाऱ्या चाचण्यांवर भारतात २०१२ पासून बंदी आहे. कोणी सुचवल्यास पैसे घालवू नका. कर्करोगाचा निकाल लागण्याआधी ‘देऊन तर बघू’ म्हणून क्षयरोगाच्या गोळ्या सुरू करणे मला पटत नाही.

निदान पक्के झाले आणि जंतू औषधांना दाद देणारे असले, तर वजनानुसार रोज, साधारण सहा महिने उपचार चालतात : पहिले दोन महिने चार औषधे, पुढे तीन. सरकारी केंद्रांत ती मोफत मिळतात. लघवी नारिंगी होईल, त्याने घाबरू नये. डोळे पिवळे झाले किंवा नजर अंधुक झाली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

ऑपरेशन बहुतेकांना लागत नाही. तथापि व्रण भरताना वण आकसून वाट अरुंदच राहू शकते, आणि तेव्हा एंडोस्कोपीतून फुगा फुगवून ती रुंद करतात. त्यानेही भागले नाही तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो. तोवर भावाला थोडे थोडे पातळ अन्न द्यावे, आणि गोळी उलटीत पडली तर ती वेळ लिहून ठेवून डॉक्टरांना दाखवावी.