‘सध्या’ म्हणजे किती दिवस?

प्रिय बाळा,

(31 वर्षांच्या माणसाला बाळा म्हणू नये, कळतं मला. चालवून घे.)

परवा तू येऊन गेलास तेव्हापासून एकच शब्द डोक्यात घुमतोय. सध्या. सध्या आईबाबांकडेच आहे, सध्या बाबांचं बरं नसतं, सध्या मैत्रीण तिच्या खोलीवर राहते, सध्या घरात हा विषय नको. तासाभरात इतक्यांदा म्हणालास की मी मोजायचं सोडलं. घर सोडू की राहू, असं विचारलंस. ते मी सांगणार नाही. राहायचं तर ठरवून राहा, निघायचं तर ठरवून नीघ. न ठरवता राहणं तेवढं करू नकोस.

या वयात आईबाबांच्या घरी राहण्याची लाज वाटते म्हणालास, ती आधी काढून टाक. युरोपीय संघाच्या 2022च्या आकड्यांत आईवडिलांचं घर सोडण्याचं सरासरी वय फिनलंडमध्ये 21च्या जरा वर होतं, क्रोएशियात 33च्याही पुढे. क्रोएशियातली सगळी मुलं काय ऐतखाऊ आहेत? घरभाडं, नोकऱ्या, लग्न कधी होतं, शिकायला कुठे जावं लागतं, यावर ते वय पुढेमागे होतं. आणि ‘पूर्वी सगळे एकत्र नांदायचे’ हे तुझ्या काकांचं पालुपदही सगळीकडे खरं नाही. पीटर लॅस्लेट या इतिहासकाराने इंग्लंडमधल्या जुन्या रहिवाशांच्या याद्या तपासल्या. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची तीनएक शतकं एका घरात सरासरी माणसं निघाली पावणेपाच, तीही नोकरचाकर धरून. काकांपुढे मान हलव आणि पुढे हो.

आता माझं ऐक. वडील गेले तेव्हा मी 38 वर्षांची होते, एकटी राहत होते. आईकडे गेले ते एक बॅग घेऊन, ‘सध्या’ म्हणून. आईने कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला. एकच. मी दुसरा मागितला नाही, तिने दिला नाही. उरलेले कपडे बॅगेतच राहिले आणि बॅग पलंगाखाली. रोज सकाळी मी गुडघे टेकून ती बाहेर ओढायची, साडी काढायची, परत आत ढकलायची. नऊ वर्षं! फरशीवर चाकांचे दोन पांढुरके चरे पडले होते.

मला उशीर झाला की दाराच्या फटीतून उजेड दिसायचा. मी आत आले, कडी लावली की तिच्या खोलीतला दिवा बंद. एक अक्षर नाही. मला वाटायचं, पाळत ठेवते. तिला काय वाटत होतं, कधी विचारलं नाही.

आई गेल्यावर माझी मावशी बोलून गेली. आईला म्हणे ते घर आवरून मावशीच्या शेजारी, छोट्याशा जागेत एकटीने राहायचं होतं. ‘पण लेक माझ्या आधाराने राहतेय, तिला कसं उठवू?’ म्हणाली होती. आणि मी? मी तिच्यासाठी राहिले होते! बदलीची संधी सोडली, एक चांगलं माणूस सोडलं, आणि मनातल्या मनात तिच्या नावावर त्याचा हिशेब मांडत गेले.

लिओपोल्ड रोझेनमायर आणि एफा क्योकाइस या व्हिएन्नाच्या समाजशास्त्रज्ञांनी 1963मध्येच लिहून ठेवलं होतं की पुष्कळ वृद्धांना मुलं जवळ हवी असतात, पण एकाच छपराखाली नव्हे. अंतर राखून जवळीक. मी ते वाचलं आई गेल्यावर. वेळेवर वाचलं असतं तरी विचारलं असतं का, कोण जाणे.

तू म्हणशील, तुम्ही दोघी हट्टी, म्हणून झालं. असेल. पण मी गेले नसते तर तिला रात्री-अपरात्री कोण बघणार होतं? भाऊ महिन्यातून एकदा फोन करून ‘तू आहेस म्हणून निर्धास्त आहे’ म्हणायचा. त्याने एकदा तरी विचारायचं, किती दिवस राहणार आहेस? मोठा तो होता. सगळं मीच का बोलायचं? असो. हे पत्र तुझ्यासाठी आहे.

तर बोल. जेवणं उरकल्यावर टीव्ही बंद कर आणि तिघं बसा. घरखर्चात किती टाकणार ते आकड्यात सांग. ‘लागतील तसे देईन’ हे उत्तर नाही. आजारपणात रजा कुणी काढायची? उशीर झाला तर कुणी जागायचं नाही, हे कबूल आहे का? मैत्रीण घरी आली तर पाहुणी की घरची? आणि मुख्य म्हणजे, त्यांना तू हवा आहेस का? हसू नकोस. बाबांना तुझी खोली हवी असेल आणि ते तुझ्या मनाला जपून गप्प असतील, तुला काय माहीत? मग मुदत घाल. एक वर्ष, दोन वर्षं. संपली की पुन्हा बसा, पुन्हा ठरवा. तेच ठरलं तरी हरकत नाही, पण ठरू दे.

आई रडेल याची भीती वाटते म्हणालास. रडू दे रे. माझी आई माझ्यासमोर नऊ वर्षांत एकदाही रडली नाही. ते काय बरं होतं?

ती बॅग अजून माझ्याकडे आहे. एक चाक कुरकुरतं, बाकी धडधाकट. लागली तर घेऊन जा. पण कधी नेणार, ती तारीख आधी कळव.

तुझी,
मावशी