सोलापूरच्या उन्हात स्लॅबमधून घरात उतरणाऱ्या उष्णतेचे माझे पायथन सिम्युलेशन फार सावकाश चालते. वेग कसा वाढवावा?

स्लॅबच्या एकेका बिंदूवर फिरणारा आतला फॉर लूप काढून टाका आणि तेच गणित नंपायच्या (पायथनमधील संख्यांच्या गणिताची लायब्ररी) संपूर्ण अ‍ॅरेवर, म्हणजे संख्यांच्या रांगेवर, एका ओळीत करा: टी[1:-1] += आर * (टी[2:] - 2*टी[1:-1] + टी[:-2]). इथे टी म्हणजे सर्व बिंदूंची तापमाने, आणि आर म्हणजे स्लॅबची डिफ्युझिव्हिटी (उष्णता पसरण्याचा वेग) गुणिले काळाची पायरी, भागिले बिंदूंमधील अंतराचा वर्ग. पायथनमध्ये प्रत्येक संख्या ही स्वतंत्र ऑब्जेक्ट असल्याने साध्या बेरजेतही दर वेळी तिचा प्रकार तपासावा लागतो. नंपायमध्ये हेच काम सलग मेमरीवर, आधीच कंपाइल झालेल्या लूपमध्ये होते. काळाचा बाहेरचा लूप मात्र असा काढता येत नाही, कारण दुपारी दोनचे तापमान त्याआधीच्या क्षणावर अवलंबून असते. तो जड पडत असेल, तर फंक्शनवर नंबा या लायब्ररीचे एनजिट (फंक्शन थेट मशीन कोडमध्ये कंपाइल करणारी खूण) लावावे आणि वेळ मोजताना पहिला कॉल वगळावा, कारण त्यात कंपाइल होण्याचा वेळ मिसळलेला असतो. तरीही खरा अडसर अनेकदा पद्धतीतच असतो, हे आग्रहाने सांगावेसे वाटते: वरच्या ओळीत आर 0.5 च्या पुढे गेल्यास उत्तर भरकटते, त्यामुळे बिंदूंमधील अंतर निम्मे केले की काळाची पायरी एक चतुर्थांश करावी लागते आणि काम आठपट होते. बारीक जाळी हवीच असल्यास क्रँक-निकल्सन पद्धत घ्या, जी मोठ्या पायरीतही भरकटत नाही पण प्रत्येक पायरीला सर्व बिंदूंची नवी तापमाने एकत्र सोडवते, आणि प्रत्येक पायरीचे समीकरण सायपाय या लायब्ररीच्या सॉल्व्ह_बँडेड फंक्शनने सोडवा. पायरी फार मोठी ठेवल्यास मात्र तिथेही तापमान खोटे हेलकावे खाऊ शकते.