मुक्त बाजाराला सरकारी नियमन लागते का? लातूरच्या आडत बाजारातून एक उत्तर

आपला प्रश्न असा आहे की, मुक्त बाजारपेठ स्वतःला स्वतःच शिस्त लावत असेल तर सरकारी नियमनाची गरज काय, आणि फसवणारा व्यापारी स्पर्धेत आपोआप बाहेर फेकला जाणार नाही का? मी लातूरच्या बाजार समितीच्या आवारातील एका आडत दुकानाचा, म्हणजे आडत (कमिशन) घेऊन शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दुकानाचा, हिशेब लिहितो. अर्थशास्त्र शिकलो असलो तरी माझे उत्तर पाठ्यपुस्तकापेक्षा हिशेबपट्ट्यांवर, म्हणजे विक्रीनंतर शेतकऱ्याला मिळणाऱ्या हिशेबाच्या कागदांवर, अधिक बेतलेले आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

माझे मत असे की, नियमांवाचून मुक्त बाजार उभाच राहत नाही. मात्र सरकार ज्याला नियमन म्हणते त्यातील पुष्कळसा भाग नियमन नसून भावातील हस्तक्षेप असतो. वजन, प्रत, बोली आणि चुकारा (मालाचे पैसे चुकते करणे) यांविषयीचे नियम ही एक जात झाली. साठ्यावरील मर्यादा, निर्यातबंदी, ऐनवेळी सोडलेली आयात आणि वायदेबंदी (पुढच्या तारखेच्या मालाचे सौदे आजच करण्यावर बंदी) ही दुसरी. या दोन्हींना एकाच माळेचे मणी समजून वाद घातला जातो, म्हणून एका बाजूला सगळेच नियम जाचक वाटतात आणि दुसऱ्या बाजूला सरकारचा प्रत्येक आदेश शेतकरीहिताचा किंवा ग्राहकहिताचा वाटू लागतो.

पहिल्या जातीचे नियम कशासाठी असतात ते सोयाबीनच्या एका ढिगापाशी उभे राहिले की कळते. हमाल पोती रिकामी करून ढीग लावतात. खरेदीदार त्यात कोपरापर्यंत हात घालून तळातला माल वर काढतो, कारण वरचा माल सुकलेला आणि आतला ओला असू शकतो. तो एखादा दाणा दाताखाली फोडतो, मूठभर माल तळहातावर घेऊन फुंकर मारतो आणि काडीकचरा किती उडतो ते पाहतो. मग ओलावा मोजण्याच्या यंत्रात दाणे पडतात. हमीभावाच्या खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा एरवी 12 टक्के असते, आणि यंत्रावर 14 किंवा 15 चा आकडा आला की खाजगी खरेदीदाराची बोलीही खाली येते. हे रास्तच आहे. पाण्याचे पैसे कोण मोजणार? परंतु जेथे यंत्र नसते तेथे खरेदीदाराचा तळहात हेच यंत्र असते, आणि आवक वाढलेली असताना त्या तळहाताला ओलावा नेमका जास्त लागतो.

हेच वजनाचे. शिक्का मारलेला काटा नसेल तर पोत्यामागे कडता (वजनातील वजावट) किती धरायचा हे मालधन्याने नव्हे, तर माल घेणाऱ्याने ठरवायचे असते. बोलीचेही तसेच. पूर्वी अनेक बाजारांत आडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत, आणि ज्याचा माल विकला जात होता तो शेतकरी शेजारी उभा राहून नुसता रुमाल पाहत असे. उघड लिलाव बंधनकारक झाला तेव्हा सरकारने भाव एका पैशानेही वाढवला नव्हता. भाव सर्वांना ऐकू येईल एवढीच सोय केली होती. माझ्या मते त्याआधीच्या बाजाराला मुक्त म्हणणे हीच चूक आहे.

इतिहास पाहिला तर या नियमांची मागणी केवळ शेतकऱ्यांच्या कळवळ्यातून आली नाही. वऱ्हाडातील कारंज्याचा कापूस बाजार 1886 मध्ये नियमनाखाली आला आणि 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. त्यामागे मँचेस्टरच्या गिरण्यांना भेसळ नसलेला कापूस हवा होता, हे मोठे कारण होते. म्हणजे प्रामाणिक मापाची गरज विकणाऱ्याइतकीच दूर बसलेल्या घेणाऱ्यालाही असते. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तेथे बाजारांचा कायदा 1930 मध्ये झाला. आज चालू असलेला महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा 1963 चा आहे.

आता स्पर्धेविषयी. जो ग्राहक रोज येतो, माल लगेच पारखू शकतो आणि समोरच्या दुकानात जायला मोकळा असतो, त्याला स्पर्धा खरोखर सांभाळते. रस्त्यावरील चहावाल्यासाठी सरकारी भावपत्रक लागत नाही. शेतकरी मात्र आडतीवर वर्षातून मोजक्या वेळा येतो, एकदा सोयाबीन घेऊन आणि एकदा तूर किंवा हरभरा घेऊन. शिवाय पेरणीच्या वेळी त्याने बहुधा त्याच आडत्याकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते आणि माल त्याच्याच दुकानी घालण्याचे ठरलेले असते. वजनात दोन किलो गेले हे त्याला कळले तरी तो दुकान बदलू शकत नाही, कारण दुकान बदलण्यापूर्वी उचल फेडावी लागते आणि उचल फेडण्यासाठी आधी माल विकावा लागतो. स्पर्धा वाईट व्यापाऱ्याला बाहेर काढील, परंतु तोवर किती सुगी जातील याचा हिशेब स्पर्धेचे समर्थक सहसा मांडत नाहीत.

नियम करणाऱ्यांचेही काही चुकत नाही असे मात्र नाही. बाजार समितीचा परवाना हीच मालमत्ता झाली, बाहेरच्या खरेदीदाराला परवाना मिळणे अवघड झाले, आणि आवारात बोली लावणारी तीच ती मंडळी उरली की उघड लिलावाचा सोपस्कार तेवढा राहतो. चार खरेदीदार सकाळी चहाला एकत्र बसले तर दुपारच्या बोलीत फार चढाओढ होत नाही, हे सांगायला अभ्यासक लागत नाही. म्हणून 2016 मध्ये राज्याने फळे व भाजीपाला समित्यांच्या बंधनातून मोकळा केला, ते मला योग्य वाटते. त्याच वेळी या मालावरील आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असाही निर्णय झाला. त्याचा गवगवा बराच झाला, परंतु खरेदीदार आपल्या अंगावर आलेला खर्च बोलीतून वळता करून घेऊ शकतो, आणि माल नाशवंत असेल तर तो बहुधा तसे करतोच. पट्टीवरची एक कपात नाहीशी झाली, एवढे मात्र खरे. निदान हिशेब वाचायला सोपा झाला.

केंद्राच्या 2020 च्या कृषी कायद्यांबाबतही माझे मत असेच दुभंगलेले होते. आवाराबाहेर विक्रीची मोकळीक हवीच होती, परंतु केवळ पॅन कार्ड असलेल्या कोणालाही शेतकऱ्याच्या दारात माल घेता येईल, ही तरतूद वाचून आमच्या व्यवसायातील माणसाला पहिला प्रश्न पडतो तो चुकाऱ्याचा. तीन दिवसांत पैसे द्यावेत असे कायद्यात लिहिले होते; न दिल्यास वसुली करण्यासाठी आधीच घेतलेली अनामत मात्र कोठे नव्हती. ते कायदे नोव्हेंबर 2021 मध्ये मागे घेण्याची घोषणा झाली आणि त्यातील चांगला भागही त्यांच्याबरोबर गेला.

दुसऱ्या जातीच्या नियमांकडे वळतो, कारण मराठवाड्याचे अधिक नुकसान त्यांनी केले आहे. 2021 च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास पोहोचले होते. तेव्हा शेतकऱ्याच्या घरी माल फारसा नव्हता, पण त्या भावाकडे पाहून नव्या पिकावर औषधे व मजुरी यांचा खर्च सढळ हाताने झाला. ऑगस्टमध्ये केंद्राने कुक्कुटपालन उद्योगाच्या मागणीवरून जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची 12 लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी दिली. ऑक्टोबरमध्ये तेलबियांवर साठामर्यादा आली आणि डिसेंबरमध्ये सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले गेले. ती बंदी पुढे वारंवार वाढवण्यात आली. नव्या आवकेनेही भाव उतरले असतेच, हे मान्य केले पाहिजे. परंतु भाव चढताना बाजाराचे नियम बदलायचे आणि भाव पडताना बाजार मोकळा असतो असे सांगायचे, याला मी नियमन म्हणणार नाही. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील आयातशुल्क वाढवले, तरी त्या हंगामात सोयाबीन 4,892 रुपयांच्या हमीभावाखालीच राहिले, आणि मे 2025 मध्ये ते शुल्क पुन्हा कमी झाले. अशा वेळी साठा करणारा गिरणीवाला, पेरणी करणारा शेतकरी आणि उचल देणारा आडत्या हे तिघेही पिकाचा अंदाज सोडून दिल्लीच्या पुढच्या अधिसूचनेचा अंदाज बांधत बसतात.

तुरीची कथा याहून कडू आहे. कडधान्यांच्या निर्यातीवर 2006 पासून बंदी होती. 2015 मध्ये तूरडाळ किरकोळीत किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली तेव्हा साठ्यांवर छापे पडले आणि पुढच्या वर्षी परदेशातून डाळ आणण्याचा करार झाला. 2016-17 च्या हंगामात तूर अमाप पिकली. हमीभाव 5,050 रुपये होता आणि बाजार त्याच्या बराच खाली होता, पण निर्यात बंदच होती. सरकारी खरेदी केंद्रांवर बारदान (रिकामी पोती) संपल्याने मापे थांबत आणि ट्रॅक्टरांच्या रांगा तशाच उभ्या राहत. निर्यातबंदी 2017 मध्ये उठली, तेव्हा अनेकांची तूर पडत्या भावात विकून झाली होती.

भाव बांधला की वस्तू स्वस्त होते, हा समजही खताच्या दुकानात तपासून पाहावा. नीमलेपित युरियाच्या 45 किलोच्या पोत्याची किंमत 266 रुपये 50 पैसे ठरलेली आहे, परंतु टंचाईच्या दिवसांत त्याच्याबरोबर नको असलेले विद्राव्य खत किंवा औषधाची बाटली घ्यावी लागते. याला सगळेजण लिंकिंग म्हणतात. पावतीवर युरिया ठरलेल्या किमतीतच असतो, म्हणून तक्रार कशाची करावी हेच कळत नाही.

किंमत मोकळी ठेवून नियम घट्ट करता येतात, याचे उदाहरण शेअर बाजारात आहे. 1947 च्या कायद्यानुसार कंपनीने शेअर कोणत्या किमतीला विकायचा हे सरकारी नियंत्रक ठरवत असे. 1992 मध्ये तो कायदा रद्द झाला, आणि त्याच वर्षी शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबी या संस्थेला कायद्याचे अधिकार मिळाले. किंमत कंपनीने ठरवावी, मात्र माहिती खरी आणि पूर्ण द्यावी, असे ते सूत्र. घोटाळे त्यानंतरही झाले, पण शेअरचा भाव सरकारने पुन्हा ठरवावा असे कोणी गंभीरपणे म्हटले नाही.

नियम कमी पडला की काय होते, हे गेल्या काही वर्षांत बीड, धाराशिव, जालना भागातील ठेवीदारांनी अनुभवले आहे. अनेक मल्टिस्टेट (एकाहून अधिक राज्यांत काम करणाऱ्या) पतसंस्थांनी बँकेपेक्षा जास्त व्याज देऊ केले, पाटी आणि काउंटर बँकेसारखे ठेवले, आणि त्यातील काहींची दारे बंद झाली तेव्हा लोकांची लग्नासाठी, आजारपणासाठी ठेवलेली रक्कम अडकली. बँकेतील ठेवीला फेब्रुवारी 2020 पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतील ठेवीला तो नाही, आणि रिझर्व्ह बँकेची बँकांवर असते तशी देखरेखही नाही. लोकांनी जास्त व्याजाचा मोह का धरला, असे शहाणपण नंतर सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु निवृत्त शिक्षकाने किंवा ऊसतोड मुकादमाने त्या संस्थेचा कर्जव्यवहार कसा तपासायचा होता, याचे उत्तर त्यांच्याकडे नसते. येथे व्याजाचा दर सरकारने ठरवण्याची काहीच गरज नाही. ठेवीच्या पावतीवर, सहीच्या वर, "या ठेवीस विमा नाही" असे मोठ्या मराठी अक्षरांत छापण्याची सक्ती, संचालकांच्या नातलगांना दिलेल्या कर्जांची यादी शाखेत लावण्याची सक्ती, आणि लेखापरीक्षक संस्थेने नव्हे तर निबंधकाने नेमण्याची तरतूद, एवढे केले तरी पुष्कळ ठेवी मुळात तेथे गेल्याच नसत्या. आणि ज्याला धोका पत्करून दोन टक्के जास्त व्याज घ्यायचेच होते, त्याला ते घेण्याची मोकळीकही राहिली असती.