फिल्टर लावण्याआधी

प्रिय मित्रा,

तू पाठवलेले आलेख पाहिले. मोटरच्या वेगाची रेघ करवतीसारखी दातेरी दिसतेय म्हणून लो-पास फिल्टर, म्हणजे जलद चढउतार गाळणारी चाळणी, लावायला निघालास. जरा थांब. ही नॉइज येते कुठून, ते आधी शोधू.

शाफ्ट थांबलेला असताना तुझी रेघ सपाट आहे. दाते उगवतात ते तो फिरू लागल्यावर. इथेच मला संशय आला. शाफ्ट किती फिरला ते मोजणाऱ्या एन्कोडरचे एका फेऱ्याला 4096 काउंट (टप्पे), कंट्रोल लूप 1000 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला हजार वेळा चालणारा, आणि दर वेळी तू आताच्या पोझिशनमधून आधीची वजा करून वेग काढतोस. म्हणजे एका मिलिसेकंदात एक काउंट इकडचा तिकडे झाला की हिशेबातला वेग जवळपास 15 आरपीएमने उडतो. शाफ्ट 5 आरपीएमने अगदी एकसारखा फिरत असला, तरी तुला दिसणार कधी 0, कधी 15. दोष सेन्सरचा नाहीच, तुझ्या वजाबाकीचा आहे. डी-गेन (बदलाच्या वेगाला कंट्रोलर किती जोराने उत्तर देतो तो आकडा) वाढवल्यावर गिअरमधून जी किरकिर ऐकू येते, ती हीच. संथ वेगात दोन काउंटमधला वेळ टायमरने मोजून बघ, बरंच निवळेल.

फिल्टर लावूच नकोस असं नाही, पण तो फुकट मिळत नाही. 50 हर्ट्झचा साधा फर्स्ट ऑर्डर फिल्टर 20 हर्ट्झला सुमारे 22 अंशांचा फेज लॅग आणतो, म्हणजे सिग्नल तेवढा मागे पडतो. क्रॉसओव्हर (लूपचा गेन 1 होतो ती फ्रिक्वेन्सी) तिथेच असेल, तर फेज मार्जिनमधून, म्हणजे लूप डोलू नये म्हणून हाताशी असलेल्या अंशांतून, तेवढे अंश गेले. आलेख गुळगुळीत होतो आणि यंत्र डोलायला लागतं! निव्वळ आलेख देखणा दिसावा म्हणून लावलेल्या फिल्टरांचा मला भारी कंटाळा आहे.

करंट सेन्सरची गोष्ट निराळी. तिथे एडीसीच्या (सिग्नलचे आकडे करणाऱ्या भागाच्या) आधी सर्किटमध्येच फिल्टर हवा. 1000 हर्ट्झने सँपल घेताना 990 हर्ट्झची नॉइज 10 हर्ट्झची होऊन आत शिरते, आणि मग खरा 10 हर्ट्झचा सिग्नल कोणता, हे कोडला कळायला मार्गच उरत नाही.

मॉडेलचं भाकीत आणि मोजमाप यांची सांगड घालून अंदाज बांधणाऱ्या काल्मन फिल्टरचं विचारलंस. काल्मन यांचा शोधनिबंध 1960चा. अपोलोच्या कॉम्प्युटरने त्याच धर्तीचं गणित 2048 वर्डच्या रॅममध्ये चालवलं, तेव्हा तुझ्या मायक्रोकंट्रोलरची काळजी नको. त्याला वजाबाकी करून काढलेला वेग देऊ नकोस. पोझिशन दे, वेगाचा अंदाज त्यालाच करू दे. आर (मोजमापात किती नॉइज धरायची तो आकडा) ठरवताना एका काउंटच्या वर्गाचा बारावा भाग घे. क्यू (मॉडेलवर किती अविश्वास धरायचा तो आकडा) मात्र हाताने जुळवावा लागेल. भाकीत आणि मोजमाप यांतला फरक शून्याच्या एकाच बाजूला रेंगाळत राहिला, तर क्यूशी खेळण्याआधी मॉडेल तपास. बहुधा घर्षण धरायचं राहिलेलं असतं.

पुढच्या वेळी फिल्टर न लावलेला डेटा पाठव, आणि मोटरला दिलेली कमांडही सोबत असू दे.

तुझा,
काका