आधी उघड, मग प्लग लाव

रत्नागिरी

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

वेंगुर्ल्याच्या घरी माळ्यावर काकांचा पॉलिसिक्स सापडला, हे वाचून फार आनंद झाला. कोर्ग या जपानी कंपनीने 1981 मध्ये काढलेलं सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं पट्ट्यांचं वाद्य ते. पण इतके पावसाळे त्याने खाऱ्या हवेत काढलेत, म्हणून इतक्यात प्लग लावू नकोस. गणपतीच्या आदल्या रात्री ऑर्केस्ट्रावाले दारात उभे होते, म्हणून मी एकदा असाच पडून राहिलेला कीबोर्ड न उघडता चालू केला. धूर निघाला. झाकण काढून पाहिलं असतं तर वाचला असता, हे मला अजून लागतं.

मागच्या बाजूला किती व्होल्ट लिहिलेत ते वाच. जपानसाठी बनलेला असेल तर 100 व्होल्टचा असेल. आपल्या 230 वर जळेल.

मग उघड आणि केएलएम-367 हा बोर्ड शोध. खरं दुखणं बहुधा इथेच असतं. आवाजांची मेमरी राखायला त्यावर निकेल-कॅडमियमची बॅटरी सोल्डर केलेली असते. ती म्हातारी झाली की पाझरते आणि तांब्याच्या रेषा खाते. हिरवट-पांढरा थर दिसेल. आपल्याकडे त्याला बुरशी समजून कोरड्या फडक्याने पुसतात, तसं करू नकोस. हातमोजे घाल, बॅटरी कापून काढ. तो द्रव अल्कधर्मी असतो, म्हणून आधी पांढरं व्हिनेगर आणि जुना टूथब्रश, मग डिस्टिल्ड वॉटर, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. व्हिनेगर मागे राहता कामा नये. दोन दिवस पंख्याखाली वाळू दे. हे काम मृगाच्या आत उरक, नंतर आपल्याकडे काही वाळत नाही. काळ्या पडलेल्या तांब्यावर सोल्डर धरत नाही; चकाकी येईपर्यंत हलकेच खरवड, मल्टिमीटरने रेषा तपास, तुटली असेल तिथे बारीक तार जोड. नवी बॅटरी लिथियमची घालशील तर सोबत डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, हवाच, कारण मूळ सर्किट बॅटरी चार्ज करतं आणि साध्या लिथियम सेलला ते चालत नाही.

आता वायरमन वापरतात तो सिरीज बोर्ड घे, म्हणजे वीज आधी बल्बमधून जाऊन मग वाद्यात येईल. बल्ब तारेचाच हवा, एलईडी नको. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. लख्ख पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद कर. बल्ब मंदावला की वाद्य थेट लाइनवर घेऊन अधिक 15, उणे 15 आणि 5 व्होल्ट मिळतात का ते मोज. सूर लावण्याचा विचार त्यानंतर. मागे सतत घुमणारा आवाज असेल तर कान देऊन ऐक: तो 100 हर्ट्झचा, म्हणजे खर्जातल्या पांढरी पाचच्या जवळचा असेल, तर पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर सुकलेत. बंद केल्यावरही त्यांत वीज राहते, बोट लावू नकोस.

हे वाद्य एका वेळी सहा सूर वाजवतं, म्हणून मग सहा पट्ट्या एकदम दाबून धर आणि सूर मोज. पाचच आले तर मला कळव, तो मुका आवाज आपण मिळून शोधू.

आणि माळा पुन्हा एकदा धुंडाळ. या वाद्याचे 32 आवाज कॅसेटवर उतरवून ठेवता येतात. कॅसेट लावली की गाण्याऐवजी नुसता कर्कश किरकिराट येतो, म्हणून घरचे ती खराब समजून फेकून देतात. तशी एखादी मिळाली तर टेपवर पांढरी बुरशी आहे का बघ. असेल तर न वाजवता माझ्याकडे पाठव. तुझ्या काकांनी बसवलेले आवाज त्यातच असतील.

तुझा,
मास्तर