पिकअपचे कंपनीचे टायर आत्ताच बदलावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पिकअप घेऊन २० महिने झाले, ३०,००० किलोमीटर धावली. कंपनीचे २६५/६५ आर १७ टायर (रुंदी २६५ मिलिमीटर, साइडवॉल म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १७ इंची) काढून त्याजागी जाड नक्षीचे २६५/७० आर १७ ऑल-टेरेन, म्हणजे पक्क्या-कच्च्या दोन्ही रस्त्यांवर चालणारे, टायर घालायचे आहेत. चार टायरचा खर्च हातात येणाऱ्या महिन्याच्या पगाराच्या ६० टक्के आहे आणि दुकानदार बारा 'बिनव्याजी' हप्ते द्यायला तयार आहे. क्रेडिट कार्डाची थकबाकी आहे, अडीअडचणीसाठी ठेवलेली रक्कम जेमतेम महिनाभर पुरेल. प्रवास मुख्यतः डांबरी रस्त्यावर, आठवड्यातून एकदा खडीचा कच्चा रस्ता. जुन्या टायरवर सर्वात कमी नक्षी ५ मिलिमीटर उरली आहे.

आत्ता बदलू नका. साधारण अकरा महिने थांबता येईल, आणि तेवढ्या काळात रोख पैसे उभे राहतील.

हे अकरा महिने आले कुठून ते पाहा. नवे असताना या टायरची नक्षी ८.५ मिलिमीटर होती असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे ३०,००० किलोमीटरमध्ये ३.५ मिलिमीटर झिजली. एका मिलिमीटरला सुमारे ८,५०० किलोमीटर पडले. अनेक देशांत कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे आणि खाचांमधल्या झीजदर्शक पट्ट्याही तेवढ्याच उंचीच्या असतात. पण तिथपर्यंत ओढू नका. ३ मिलिमीटरच्या खाली ओल्या रस्त्यावर खाचांतून पाणी पुरेसे बाहेर फेकले जात नाही आणि ब्रेकचे अंतर वाढते. (बर्फात गाडी चालवत असाल तर ४ मिलिमीटरलाच थांबा.) ३ धरले तर २ मिलिमीटर शिल्लक, म्हणजे सुमारे १७,००० किलोमीटर. तुमच्या महिन्याच्या १,५०० किलोमीटरने अकरा महिने. वापरता येण्याजोगी नक्षी एकूण ५.५ मिलिमीटर होती, त्यातली २ अजून बाकी आहे. आज टायर उतरवले तर त्यांच्या किमतीचा ३६ टक्के भाग तुम्ही न वापरता टाकून देता. 'जुने विकून टाकू' हा हिशेब इथे चालत नाही. शोरूममधून निघाल्याबरोबर काढलेल्या टायरला गिऱ्हाईक मिळते, अर्ध्याहून जास्त झिजलेल्याला फारसे कुणी विचारत नाही.

आता हप्ते. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: आज सगळे रोख दिले तर किती कमी कराल? समजा रोखीला ६ टक्के सूट आहे आणि हप्त्यांवर २ टक्के प्रक्रिया शुल्क. मग १०० ची वस्तू तुम्हाला रोखीत ९४ ला मिळाली असती. हप्त्यांत आज २ शुल्क भरून पुढे १०० फेडायचे, म्हणजे प्रत्यक्षात कर्ज मिळाले ९४ वजा २, अर्थात ९२ चे. दरमहा ८.३३ प्रमाणे फेडताना त्याचा वार्षिक दर पंधरा-सोळा टक्क्यांवर जातो. सूटही नसेल आणि शुल्कही नसेल, तरच हप्ते खरोखर बिनव्याजी. तसे असले तरी कार्डाची थकबाकी डोक्यावर असताना नवा हप्ता लावून घेऊ नये. कार्डाचे व्याज सहसा याहून महाग असते, म्हणून जादा पैसा आधी तिकडे जाऊ द्या. टायरसाठी पगाराचे साडेपाच टक्के दरमहा वेगळे काढले तरी अकरा महिन्यांत चार टायरची रक्कम जमते.

मोठ्या मापाबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण त्याचा खर्च बिलावर दिसत नाही. २६५/६५ आर १७ चा व्यास सुमारे ७७६ मिलिमीटर, २६५/७० आर १७ चा ८०३. फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास. स्पीडोमीटर आज अचूक असेल, तर तो १०० दाखवेल तेव्हा गाडी १०३ च्या पुढे असेल, आणि ओडोमीटर किलोमीटर कमी मोजेल. चाक पूर्ण वळवल्यावर मडगार्डच्या अस्तराला टायर घासू शकतो. शिवाय स्टेपनी जुन्या मापाचीच राहते. फोर-व्हील-ड्राइव्ह लावून एका चाकाला लहान व्यासाची स्टेपनी चालवली, तर ट्रान्सफर केस आणि डिफरेन्शियल या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेट्यांवर ताण येतो. म्हणजे माप बदलायचे तर टायर पाच धरावे लागतील आणि खर्च ६० ऐवजी ७५ टक्के होईल. विम्याच्या अटीही वाचा. गाडीत केलेला बदल कळवणे बऱ्याच पॉलिसींत बंधनकारक असते.

इंधनाचा हिशेब लिटरमध्येच करा. वर्षाला १८,००० किलोमीटर, लिटरला १० किलोमीटर, म्हणजे १,८०० लिटर. जड, जाड नक्षीच्या टायरमुळे खप ३ टक्के वाढला असे धरले तर वर्षाला ५४ लिटर जास्त. टायर तीन वर्षे चालले तर १६२ लिटर, आणि ही रक्कम टायरच्या किमतीत मिळवूनच दोन पर्यायांची तुलना करा.

म्हणून अकरा महिन्यांनी मूळ मापातच सौम्य नक्षीचा ऑल-टेरेन घ्या. आठवड्यातून एकदाच्या खडीला तो पुरतो. भारांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, गाडीच्या दारावरच्या पट्टीवर लिहिला आहे त्यापेक्षा कमी नको. तुमचा ११२ असेल तर प्रत्येक टायर १,१२० किलो पेलतो. दुकानदार 'एलटी' (लाइट ट्रक) वर्गातला १२१ भारांकाचा टायर सुचवेल. तो १,४५० किलो पेलतो खरा, पण ८० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) इतक्या हवेवर. त्याच्यात नेहमीची हवा भरली तर तेवढे वजन तो घेत नाही, आणि जास्त भरली तर रिकामी पिकअप उधळत चालते. तुमच्या ५०० किलोच्या अधूनमधूनच्या मालासाठी त्याची गरज नाही.

तोपर्यंत खर्च फक्त अलाइनमेंट (चाकांचे कोन नीट जुळवणे) आणि चाकांच्या अदलाबदलीवर करा. नक्षीची खोली आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला अशी तीन ठिकाणी मोजा. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलेले आहे, मधला भाग झिजला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी. नक्षीत खड्डे-खड्डे पडले असतील तर शॉक अॅब्सॉर्बर तपासा. तो दोष न काढता नवे टायर घातले तर तेही तसेच खराब होतील. दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला चाके फिरवा, आणि स्टेपनी त्याच मापाची व तशाच रिमची असल्याने तिलाही फेरीत घ्या.

साइडवॉलला फुगा आला, तार दिसेल इतका काप गेला किंवा तिथे पंक्चर झाले, तर मात्र हे सगळे गणित बाजूला ठेवून तो टायर त्याच दिवशी बदला. त्या परिस्थितीत अडीअडचणीची रक्कम वापरायलाही हरकत नाही, ती ठेवलेली त्यासाठीच असते. एकटा नवा टायर फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये जुन्यांशी जुळत नसेल, तर नक्षी उरलेली स्टेपनी त्याच्या जोडीला घेऊन एका अॅक्सलवर सारखी जोडी ठेवा. जास्त नक्षीची जोडी मागे लावा, म्हणजे पावसात गाडीचे शेपूट घसरणार नाही.

नवे टायर घेताना साइडवॉलवरच्या तारखेच्या कोडमधले शेवटचे चार आकडे वाचा: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. वर्ष-दीड वर्ष गोदामात पडलेला टायर पूर्ण किमतीला घेऊ नका. बिलात बॅलन्सिंग, व्हॉल्व्ह आणि अलाइनमेंट धरले आहे का ते लेखी घ्या, आणि बसवल्यानंतर ८० ते १०० किलोमीटरवर चाकांचे नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासून घ्या.